दरिद्री आरोपीचा वकील कोणीं निवडावयाचा?

इंग्लंडांतील फौजदारी न्यायालयांत पूर्वीं एक चमत्कारिक चाल होती. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या माणसापाशीं एक गिनी आणि वर कारकुनाच्या हक्काचे अडीच शिलिंग, म्हणजे एकूण एक पौंड तीन शिलिंग सहा पेन्स, एवढी पुंजी असली, कीं समोरच्या बांकांवर टोप व झगा घालून बसलेल्या बॅरिस्टरांपैकीं वाटेल त्याच्याकडे बोट दाखवून 'हा माझा वकील' असें म्हणण्याचा त्याला अधिकार असे. ज्याच्याकडे बोट वळेल त्यानें, तो केवढाहि नामांकित असो, नाहीं म्हणावयाचें नाहीं असा त्या धंद्याचा दंडक होता. असा प्रसंग येतांच कांहीं मंडळी हलक्या पावलांनीं दाराबाहेर पडत अशी कुजबूज असे. आणि जे बसून राहत त्यांचे टोप सारखेच पांढरे असल्यामुळें त्यांतला हुशार कोणता व नवशिका कोणता, हें आरोपीनें केवळ तर्कानें ओळखावयाचें. जॉन मॉर्टिमर या बॅरिस्टरानें १९५७ सालीं याच चालीवर एक श्रुतिका लिहिली, आणि ती बी. बी. सी. वरून प्रथम प्रसृत झाली. तिच्यांतला विनोद परिस्थितींतच आयता तयार होता.

कारण या चालींत थट्टेला जागा पुष्कळ होती. एका गिनीसाठीं उभा राहणारा बॅरिस्टर कागदपत्रांवरून घाईघाईनें नजर फिरविणार, पिंजऱ्याशीं येऊन आरोपीशीं चार शब्द बोलणार आणि लगेच ज्यूरीपुढें भाषणास सुरुवात करणार. अशा बचावाची मातब्बरी ती काय असणार? आणि ज्याच्यापाशीं तेवढी गिनीहि नसे त्याला बोट उचलण्याचीहि सोय नव्हती. परंतु एक गोष्ट त्या चालींत होती आणि ती पुढच्या काळांतील अधिक उदार, अधिक खर्चिक व अधिक व्यवस्थित अशा योजनांतून बहुतेक ठिकाणीं नाहींशी झाली. बोट आरोपीचें होतें. आपल्या जिवाची किंवा स्वातंत्र्याची गांठ कोणाच्या जिभेशीं बांधावयाची, हें तो स्वतः ठरवीत होता. गरिबाला सरकारनें वकील पुरवावा ही कल्पना विसाव्या शतकांत बहुतेक पुढारलेल्या देशांनीं मान्य केली. तो वकील त्या गरिबानें निवडावा, ही कल्पना मात्र अद्यापि पुष्कळशा देशांत उंबरठ्याबाहेरच तिष्ठत आहे. या दोन कल्पनांमधील अंतर केवढें आहे, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दोन खटल्यांवरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कशानेंहि दिसत नाहीं.

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ सालीं ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या जोडण्यांत आल्या त्यांपैकीं सहावी दुरुस्ती आरोपीला आपल्या बचावासाठीं वकिलाचें साहाय्य घेण्याचा हक्क देते. त्या काळच्या मानानें हा हक्क लहान नव्हता. खुद्द इंग्लंडांत राजद्रोहाखेरीज इतर गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढें भाषण करण्याची मोकळीक १८३६ पर्यंत मिळाली नव्हती. तथापि अमेरिकेंत जवळजवळ दीडशें वर्षें या शब्दांचा अर्थ एवढाच समजला जाई, कीं ज्याच्या खिशांत पैसा आहे त्यानें वकील आणल्यास कोर्टानें त्याला दार लावूं नये. खिसा रिकामा असलेल्याचें काय, याविषयीं कलम गप्प होतें आणि बहुतेक न्यायाधीशहि गप्पच राहिले. कित्येक संस्थानांच्या स्थानिक कायद्यांत देहान्त शिक्षेच्या खटल्यांपुरती वकील नेमण्याची तरतूद होती. दक्षिणेकडील अलाबामा संस्थानांतहि ती होती. ती पाळली कशी जाई, हें १९३१ सालीं साऱ्या जगाला दिसलें.

त्या वर्षीं २५ मार्च रोजीं चॅटनूगाहून मेंफिसकडे जाणाऱ्या एका मालगाडींत कांहीं गोऱ्या आणि कांहीं काळ्या पोरांची मारामारी झाली. मंदीचे दिवस होते. कामाच्या शोधांत निघालेलीं माणसें मालगाड्यांवर चढून फुकट प्रवास करीत गांवोगांव हिंडत. मारामारींत गोऱ्या पोरांना खालीं उतरावें लागलें, त्यांनीं जाऊन तक्रार केली, आणि अलाबामांतील पेंट रॉक येथें हत्यारबंद जमावानें गाडी अडवून नऊ काळीं पोरें धरलीं. त्याच गाडींत दोन गोऱ्या तरुणी सांपडल्या, आणि या पोरांनीं आपल्यावर बलात्कार केला असें त्यांनीं सांगितलें. त्यांपैकीं एकीनें पुढें १९३३ सालीं भर न्यायालयांत शपथेवर आपलें म्हणणें फिरविलें. परंतु तोंपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. नवांपैकीं सर्वांत धाकटा बारातेरा वर्षांचा होता आणि सर्वांत थोरला वीस वर्षांच्या आंतबाहेरचा. बहुतेक निरक्षर, सारे परक्या संस्थानांतले, आणि घरच्या माणसांपासून शेंकडों मैल नसले तरी मदतीच्या टप्प्यापलीकडे खासच.

स्कॉट्सबरो हें त्या तालुक्याचें मुख्य ठाणें. तेथें ६ एप्रिलला, म्हणजे अटकेपासून अवघ्या बाराव्या दिवशीं, खटले उभे राहिले. बाहेर जमाव इतका मोठा व इतका संतप्त होता, कीं आरोपींची ने-आण लष्करी पहाऱ्यांत करावी लागली. न्यायाधीश हॉकिन्स यांनीं वकील नेमण्याचें आपलें कर्तव्य एका अजब रीतीनें पार पाडलें होतें. त्यांनीं कोणा एकाची नेमणूक न करतां गांवांतील समस्त वकीलवर्गाचीच नेमणूक करून टाकली. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. येथें तर घरें अधिक होतीं. खटल्याच्या सकाळीं चॅटनूगाहून स्टीफन रॉडी नांवाचे एक वकील हजर झाले. आपण आरोपींचे वकील म्हणून आलों नाहीं, कांहीं हितचिंतकांच्या सांगण्यावरून केवळ मदतीस आलों आहों, या संस्थानाची कार्यपद्धति आपणांस ठाऊक नाहीं आणि तयारीस अवधिहि मिळालेला नाहीं, असें त्यांनीं न्यायाधीशांना स्वच्छ सांगितलें. गांवचे एक वयोवृद्ध वकील मायलो मूडी यांनीं मग आपणहि हातभार लावूं असें म्हटलें, आणि तेवढ्यावर बचावाची व्यवस्था झाली असें गृहीत धरण्यांत आलें. या साऱ्या संभाषणांत एक प्रश्न कोणींच विचारला नाहीं. तुम्हांला कोण वकील हवा आहे, तुमचे कोणी नातलग वकील देऊं शकतील काय, त्यांना निरोप धाडावा काय, असें त्या पिंजऱ्यांतील पोरांना कोणीं विचारलें नाहीं.

प्रत्येक खटला एका दिवसांत आटोपला. आठ जणांना विजेच्या खुर्चीवर देहान्ताची शिक्षा झाली. सर्वांत धाकट्याच्या बाबतींत ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. सरकार पक्षानें त्याच्या वयाकडे पाहून जन्मठेप मागितली होती, परंतु ज्यूरींतल्या कित्येकांना तेवढ्यानें समाधान नव्हतें!

यापुढें जें घडलें तें या विषयाच्या दृष्टीनें विशेष मननीय आहे. शिक्षेची वार्ता पसरतांच ज्यांना कालपर्यंत एकहि वकील मिळत नव्हता त्या पोरांसाठीं दोन मोठ्या संस्थांत चढाओढ लागली. एक होती इंटरनॅशनल लेबर डिफेन्स, कम्युनिस्ट पक्षाशीं संलग्न असलेली. दुसरी नॅशनल असोसिएशन फॉर दि अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं सनदशीर मार्गानें झगडणारी व प्रतिष्ठित. तुरुंगांतील पोरांच्या सह्या आणि अंगठे आज एका संस्थेच्या कागदावर, तर उद्यां दुसरीच्या. ज्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें त्यांच्यापुढें दोन्ही बाजूंचीं माणसें कागद धरीत होतीं आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा वकील म्हणजे थेट मरणाची वाट असें बजावीत होता. आयाबापांचा कौल मात्र बहुतांशीं पहिल्या संस्थेकडे पडला. तिचीं माणसें त्यांच्या घरीं गेलीं, त्यांच्याशीं बरोबरीनें बोललीं, त्यांना सभांच्या व्यासपीठावर बसविलें. रॉय व अँडी राइट या दोघां भावांची आई एडा राइट हिला तर १९३२ सालीं युरोपांतील सभांतून बोलण्यासाठीं नेण्यांत आलें. दुसऱ्या संस्थेचे सुशिक्षित पुढारी या निवडीला आयाबापांचा अडाणीपणा म्हणत. आपल्या मुलांच्या जिवावर हे लोक राजकारण करीत आहेत हें त्यांना कसें कळत नाहीं, असा त्यांचा त्रागा असे. तो अगदींच निराधार होता असें नाहीं. परंतु आपल्याला अडाणी समजणाऱ्या वकिलापेक्षां आपल्याला माणूस समजणारा वकील बरा, असें एखाद्या आईला वाटलें तर त्यांत तिच्या बुद्धीला नांवें ठेवण्यासारखें काय आहे? अमेरिकेंतील सर्वांत विख्यात फौजदारी वकील क्लॅरेन्स डॅरो यांना दुसऱ्या संस्थेनें १९३१ च्या अखेरीस आणलें. तरीहि जमेना, आणि शेवटीं डॅरो व ती संस्था दोघेंहि या खटल्यांतून बाहेर पडलीं.

सुप्रीम कोर्टाचा निकाल ७ नोव्हेंबर १९३२ रोजीं लागला. 'पॉवेल विरुद्ध अलाबामा' या नांवानें तो कायद्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति जॉर्ज सदर्लंड हे जुन्या मताचे म्हणून ओळखले जात. त्यांच्या लेखणींतून तो उतरावा याचें पुष्कळांना आश्चर्य वाटलें. सात विरुद्ध दोन मतांनीं शिक्षा रद्द झाल्या. वकील ठेवण्याची ऐपत नसलेल्या, अज्ञानी व असहाय आरोपीला देहान्त शिक्षेच्या खटल्यांत वकील नेमून देणें हें कोर्टाचें कर्तव्य आहे, आणि ही नेमणूक नांवाची नसून खरी मदत होईल अशा रीतीनें व अशा वेळीं झाली पाहिजे, हें त्याचें सार. हें सार सर्वत्र उद्धृत होतें. त्याच निकालांतील दुसरें एक विधान तितकें उद्धृत होत नाहीं. आरोपीला स्वतःच्या पसंतीचा वकील मिळविण्याची रास्त संधि मिळाली पाहिजे, असें सदर्लंड यांनीं प्रथम म्हटलें आणि ती संधि या पोरांना मिळाली नाहीं हा पहिला दोष म्हणून दाखविला. नेमणुकीचा विचार त्यानंतरचा. एकाच निकालांत निवड आणि नेमणूक या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं बसल्या होत्या. पुढच्या काळांत त्यांपैकीं एकीची भरभराट झाली आणि दुसरी श्रीमंतांच्या वांट्याला गेली.

नव्या खटल्यासाठीं न्यूयॉर्कचे सॅम्युएल लीबोविट्झ हे पुढें आले. ते कम्युनिस्ट नव्हते आणि त्यांनीं मोबदलाहि घेतला नाहीं. उलटतपासणींत त्यांचा हात धरणारा क्वचित्च कोणी असेल. परंतु १९३३ सालीं डिकेटर येथें हेवुड पॅटरसनचा खटला चालला तेव्हां सरकार पक्षाच्या एका वकिलानें ज्यूरीला, न्यूयॉर्कच्या ज्यू पैशानें अलाबामाचा न्याय विकत घेऊं द्यावयाचा काय, अशा आशयाचा प्रश्न केला. आणि वकिलाचा धर्म व गांव हींच आरोपीविरुद्ध पुराव्यासारखीं वापरलीं गेलीं. ज्यूरीनें पुन्हां देहान्त शिक्षा ठोठावली. न्यायाधीश हॉर्टन यांनीं पुरावा पाहून ती रद्द केली, आणि पुढच्या निवडणुकींत त्यांना आपल्या जागेला मुकावें लागलें. चार आरोपी १९३७ सालीं सुटले, इतरांना वर्षानुवर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं, आणि ज्यांना जिवंतपणीं माफी मिळाली नाहीं अशा तिघांना अलाबामानें ती २०१३ सालीं दिली.

दहाच वर्षांत सुप्रीम कोर्टाचें पाऊल अडखळलें. मेरीलंडमधील बेट्स नांवाच्या एका बेकार शेतमजुरानें दरोड्याच्या आरोपांत वकील मागितला होता. १९४२ सालीं कोर्टानें ठरविलें, कीं देहान्त शिक्षेचा प्रश्न नसेल तेथें संस्थानांनीं वकील दिलाच पाहिजे असें नाहीं; विशेष कारण असल्यास पाहावें. न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. ते स्वतः अलाबामाचे होते.

आतां दुसरा खटला. फ्लॉरिडा संस्थानांतील पनामा सिटी या गांवीं ३ जून १९६१ च्या पहाटे एका बिलियर्डच्या अड्ड्याची खिडकी फोडून कोणीं तरी आंत शिरलें. सिगारेटच्या आणि गाण्याच्या यंत्रांतील चिल्लर व कांहीं पेयें नाहींशीं झालीं. संशयावरून क्लॅरेन्स अर्ल गिडियन याला पकडण्यांत आलें. पन्नाशीला पोंचलेला, अनेकदां तुरुंगवास भोगलेला, कृश व हट्टी असा हा मनुष्य. ४ ऑगस्टला त्यानें कोर्टाला सांगितलें कीं, आपली तयारी नाहीं, आपल्याला वकील नेमून द्या. न्यायाधीश रॉबर्ट मॅक्क्रेरी यांनीं देहान्त शिक्षेचा खटला नसल्यामुळें तसें करतां येत नाहीं असें सौजन्यानें समजाविलें. त्यावर गिडियननें, आपल्याला वकील मिळण्याचा हक्क आहे असें सुप्रीम कोर्ट म्हणतें, असें ठासून उत्तर दिलें. सुप्रीम कोर्टानें तसें म्हटलें नव्हतें. उलटच म्हटलें होतें. कायदा त्याला मुळींच ठाऊक नव्हता, आणि तरीहि दोन वर्षांनीं कायदा त्याच्या म्हणण्याप्रमाणें झाला.

त्या दिवशीं त्यानें स्वतःच आपला बचाव केला. सामान्य माणूस करील तसा केला. प्रश्न विचारले, पण कोणत्या प्रश्नाचें टोंक कोठें बोंचवावें हें त्याला कोठून ठाऊक असणार? पांच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगांतून त्यानें रेघांच्या कागदावर शिसपेन्सिलीनें लिहिलेला अर्ज सुप्रीम कोर्टाकडे धाडला. कोर्टानें तो ऐकण्यास घेतला आणि त्याच्यातर्फे बोलण्यासाठीं वॉशिंग्टनमधील प्रख्यात वकील एब फॉर्टस यांची नेमणूक केली. तेच फॉर्टस पुढें त्या कोर्टाचे न्यायमूर्ति झाले. १८ मार्च १९६३ रोजीं एकमतानें निकाल लागला, आणि तो लिहिण्याचा मान १९४२ सालीं विरोधांत राहिलेल्या ब्लॅक यांनाच मिळाला. गंभीर गुन्ह्याच्या प्रत्येक खटल्यांत गरीब आरोपीला वकील पुरविणें संस्थानांवर बंधनकारक झालें. अँथनी लुइस या वृत्तपत्रकारानें १९६४ सालीं या प्रकरणावर लिहिलेलें पुस्तक आजहि वाचलें जातें.

गिडियनची कथा बहुधा येथेंच संपविली जाते. वास्तविक तिचा खरा मासला याच्या पुढें आहे. निकालानें त्याची सुटका झाली नव्हती; खटला पुन्हां चालावयाचा होता, त्याच गांवांत आणि त्याच मॅक्क्रेरी साहेबांपुढें. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनतर्फे मायामीचे दोन वकील, टोबायस सायमन व अर्विन ब्लॉक, एक कपर्दिकहि न घेतां काम करण्यास आले. जुलैमध्यें तारीख ठरविण्यासाठीं सारे एकत्र जमले असतां गिडियननें उभें राहून सांगितलें, कीं हे वकील आपल्याला नकोत. ज्या माणसाच्या नांवानें साऱ्या देशांतील गरिबांना वकील मिळाला, त्यानेंच भर न्यायालयांत दोन चांगले वकील नाकारावे, हें पाहून तेथील मंडळी चकित झालीं असल्यास नवल नाहीं. मॅक्क्रेरी यांना याच जागीं रागावतां आलें असतें. कृतघ्न म्हणून त्याची संभावना करतां आली असती. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. गांवांतला कोणता वकील तुला पाहिजे, असें त्यांनीं विचारलें. गिडियननें डब्ल्यू. फ्रेड टर्नर यांचें नांव घेतलें, आणि न्यायाधीशांनीं त्यांची नेमणूक केली. स्कॉट्सबरोच्या कोर्टांत नऊ पोरांना जो प्रश्न कोणींच विचारला नव्हता, तो येथें एका न्यायाधीशानें विचारला. त्यासाठीं कोणताहि कायदा त्याला भाग पाडीत नव्हता.

टर्नर हे कांहीं देशभर गाजलेले वकील नव्हते. परंतु पनामा सिटींतल्या गल्ल्या, अड्डे आणि माणसें त्यांच्या परिचयाचीं होतीं. गिडियन स्वतः लिहिलेले अर्ज घेऊन आला तेव्हां, वकिली तूं करणार असशील तर मी करीत नाहीं, मी करावयाची असेल तर मला करूं दे, अशा अर्थाचें त्याला बजावून त्यांनीं कामास हात घातला. खटला ५ ऑगस्टला चालला. आपण गिडियनला पहाटे त्या अड्ड्यांत पाहिलें, असें सांगणारा तरुण हाच सरकार पक्षाचा मुख्य आधार होता. रात्रभर साठ मैलांवरच्या नाचाला जाऊन परत आलेला हा तरुण, घर दोन गल्ल्या दूर असतां पहाटे साडेपांचाला नेमका त्या अड्ड्यापाशींच कां उतरला, असें टर्नरनीं त्याला पुनःपुन्हां विचारलें. आणि चोरी त्याच्याच सोबत्यांची असून हा बाहेर पहाऱ्याला होता असें ज्यूरीपुढें सरळ मांडलें. टॅक्सीवाल्याची जबानी तर याहून बोलकी ठरली. मला नेल्याचें कोणाला सांगूं नको, असें गिडियन त्याला म्हणाला होता. पहिल्या खटल्यांत हें वाक्य आरोपीच्या गळ्याला फांसासारखें लागलें होतें. टर्नरनीं विचारलें, असें तो पूर्वींहि कधीं म्हणाला होता काय? होय, म्हणाला होता. कां म्हणून? टॅक्सीवाल्याच्या समजुतीप्रमाणें, त्याचें बायकोशीं बिनसलेलें होतें म्हणून. सहा जणांच्या ज्यूरीनें तासाभराच्या विचारानंतर गिडियनला निर्दोष ठरविलें.

मायामीच्या वकिलांना हें साधलें नसतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. दोघेहि आपल्या कामांत वाकबगार होते. परंतु लहान गांवची ज्यूरी परगांवच्या, त्यांतून एखाद्या चळवळीच्या, वकिलाकडे कोणत्या दृष्टीनें पाहते, हें डिकेटरला दिसून आलें होतें. गिडियनला डिकेटरचा इतिहास माहीत असण्याचें कारण नाहीं. तुरुंगाच्या वाऱ्या केलेल्या माणसाला आपल्या गांवची हवा कळते, एवढीच त्याची विद्या. ज्या बाबतींत सारे विद्वान त्याच्याहून शहाणे होते त्या बाबतींत त्यानें टर्नरचें ऐकलें. ज्या एका बाबतींत तो त्यांच्याहून शहाणा होता तेथें त्यानें हट्ट धरला.

मॅक्क्रेरी यांचें सौजन्य मात्र नियम बनलें नाहीं. गिडियनच्या निकालानंतर संस्थानोसंस्थानीं पगारी वकिलांचीं कार्यालयें निघालीं, कोर्टानें पाळीपाळीनें वकील नेमण्याच्या पद्धती पडल्या. १९८३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका खटल्याचा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढें आला. आरोपीच्या पगारी वकिलाला खटल्याच्या तोंडावर शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालयांत जावें लागलें. त्याच कार्यालयांतील दुसरा वकील उभा राहिला. आरोपी म्हणे, माझा वकील तो, तो बरा होईपर्यंत थांबा. वकिलाशीं आरोपीचें विश्वासाचें नातें जुळलेलें असावें अशी कांहीं राज्यघटनेची हमी नाहीं, असें कोर्टानें सांगितलें. पुढें २००६ सालीं गोन्झालेझ-लोपेझ याच्या प्रकरणीं न्यायमूर्ति स्कालिया यांनीं बहुमताच्या वतीनें लिहिलें कीं, आरोपीनें स्वतःच्या पैशानें पसंत केलेला वकील कोर्टानें चुकीनें नाकारला, तर दुसऱ्या वकिलानें काम कितीहि चांगलें केलेलें असो, शिक्षा रद्द झाली पाहिजे. कारण वकील बदलला म्हणजे सारा खटलाच निराळा होतो, आणि काय घडलें असतें याचा अंदाज कोणालाच बांधतां येत नाहीं. विचार अगदीं बिनतोड आहे. त्याच निकालांत असेंहि स्पष्ट केलेलें आहे, कीं ज्यांना वकील नेमून द्यावा लागतो त्यांना हा निवडीचा हक्क लागू नाहीं. वकील बदलल्यानें श्रीमंताचा खटला निराळा होतो, मग गरिबाचा कां होत नाहीं, याचा उलगडा निकालांत शोधूनहि सांपडत नाहीं.

निवड नाकारणाऱ्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें नव्हे. सर्वांनीं एकाच गाजलेल्या वकिलाचें नांव घेतलें तर काय करावयाचें? पैसा जनतेचा, तेव्हां दरहि सरकारचाच असणार. त्या दरांत तो वकील येईल काय? खटले लांबविण्यासाठीं कोणी रोज नवा वकील मागूं लागला तर? या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या निवडीला मर्यादा घालण्याचीं कारणें आहेत; निवड मुळांतच काढून घेण्याचीं नव्हेत. उलट पक्षीं एक अडचण फारशी बोलून दाखविली जात नाहीं. ज्या वकिलाला पुढचें काम न्यायाधीशाच्या नेमणुकीनें मिळावयाचें, त्याचें लक्ष स्वाभाविकपणें न्यायाधीशाच्या मर्जीकडे लागतें. खटले भराभर उरकणारा वकील न्यायासनाला प्रिय होतो. ज्याला पुढचें काम आजच्या अशिलाच्या तोंडून झालेल्या बोलबाल्यानें मिळावयाचें, तो आजच्या अशिलाकडे पाहतो. इंग्लंडनें सरकारी मदतीच्या आजच्या व्यवस्थेंतहि हें तत्त्व पुष्कळसें राखलें आहे. सरकारशीं करार केलेल्या वकिलांपैकीं कोणता घ्यावयाचा, हें तेथें सामान्यतः आरोपीच सांगतो.

भारतांतील स्थिति अमेरिकेशीं मिळतीजुळती आहे. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेचें बाविसावें कलम अटक झालेल्या माणसाला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क देतें. पसंतीचा हा शब्द कलमांतच आहे. गरिबाला मोफत साहाय्य देण्याचें एकोणचाळीस-अ हें कलम १९७६ सालीं आलें, आणि त्यांत तो शब्द नाहीं. या दोन कलमांची गांठ घालण्याचा प्रयत्न रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्या १९७५ सालच्या हत्येच्या खटल्यांतील एका आरोपीनें केला. सरकारचे वकील मोठमोठे, तेव्हां आपल्या पसंतीचा ज्येष्ठ वकीलहि त्याच दरानें सरकारनें द्यावा, अशी त्याची मागणी होती. १९८३ सालीं भारताच्या सुप्रीम कोर्टानें ती नाकारली. ठेवावयाचा तो वकील पसंतीचा ठेवा. पुरविला जाईल तो पुरविला जाईल.

अमेरिकेंत टेक्सस संस्थानांतील कोमल या तालुक्यानें २०१५ सालापासून एक नवा प्रयोग सुरू केला. वकील ठेवण्याची ऐपत नसलेल्या आरोपीपुढें तेथील पात्र वकिलांची यादी ठेवावयाची, आणि त्यानें नांव सांगावयाचें. ज्याला निवड करावयाची नसेल त्याच्यासाठीं कोर्टानें पूर्वींप्रमाणेंच नेमणूक करावयाची. वकिलाचा मोबदला दोन्ही बाबतींत सरकारी तिजोरींतूनच द्यावयाचा.